खोकला = नाही

१

सूनबाईचं ठाम मत होतं की प्रोग्राम हा जुन्या, मुरलेल्या गड्यासारखा असावा. त्याला काम एकदा सांगावं. मग त्याने ऊठसूट दारात येऊन "हे टाकू का, ते ठेवू का" असं विचारता कामा नये. काय झाडायचं, काय ठेवायचं, किती जुनं झालं की फेकायचं, हे एका फाइलीत लिहून द्यावं आणि आपण आपल्या उद्योगाला लागावं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण दिवसभर घरात तिला हाक मारणारं माणूस एकच होतं, आणि ते तिला याच नावाने हाक मारायचं. नवरा बोटीवर इंजिन सांभाळायचा, महिनोन्‌महिने बाहेर. घरात ती आणि सासरे. सकाळी सासऱ्यांचं अंग पुसायला, कपडे बदलायला एक ताई यायच्या, त्या दुपारपर्यंत थांबायच्या. बाकीचा दिवस तिचा, तिच्या कॉम्प्युटरचा आणि मागच्या खोलीतल्या खोकल्याचा.

तीन खोल्या एकापाठोपाठ एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या, आणि बाजूला चिकटलेलं स्वयंपाकघर. मधल्या खोलीत भिंतीला लागून तिचं टेबल, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे सासऱ्यांच्या पलंगाची उशाकडची बाजू. झटका आल्यापासून म्हाताऱ्याचं उजवं अंग गेलं होतं. एके काळी चार माणसांना बोलण्यात गुंडाळून ठेवणारा माणूस, आता त्याच्याकडे मोजकेच शब्द उरले होते. 'पाणी', 'नको', 'सूनबाई'. आणि खोकला. आधी नुसतं खाकरणं. मग दोन-तीन कोरडे ठोके. मग तळातून ओढून आणलेला, ओला, लांबलचक खोकला, जड कपाट फरशीवरून सरकवत न्यावं तसा. तो संपला की क्षणभर शांतता, आणि मग "सूनबाई".

ती लिहीत होती त्या प्रोग्रामचं नाव झाडणी. ऑफिसांमधल्या कॉम्प्युटरवर साचलेल्या जुन्या फाइली तो झाडून काढायचा. कंपनीचा आग्रह होता की सगळी नावं साध्या बोलीतली हवीत, कारकुनालाही कळली पाहिजेत. म्हणून तिने ऑप्शनांना नावं दिली होती ती अशी: 'तालीम' म्हटलं की झाडणी काहीही खरोखर न झाडता नुसतं करून दाखवणार, 'गुपचूप' म्हटलं की तोंडातून अवाक्षर काढणार नाही. त्या दुपारी ती नमुन्याची फाइल लिहीत होती. गिऱ्हाइकाने हीच फाइल घ्यायची आणि आपल्याला हवी तशी बदलायची. प्रत्येक सेटिंगच्या डोक्यावर एक खुलाशाचं वाक्य, आणि वाक्याच्या आधी हॅशचं चिन्ह. हॅश असलेली ओळ प्रोग्राम वाचत नाही. ती माणसासाठी असते.

# किती महिन्यांपूर्वीच्या फाइली झाडायच्या.
जुनं = 6
# झाडण्याआधी विचारायचं का.
विचार = नाही

ही वाक्यं लिहिण्यात तिचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं. एकही शब्द जास्तीचा नाही. सासऱ्यांना चहा देऊन परत आल्यावर ती फाइल वरपासून वाचायला बसली, आणि शेवटच्या दोन ओळींवर थबकली.

# मागच्या खोलीतला. नको असल्यास 'नाही' लिहा.
खोकला = होय

तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की वाक्य चांगलं होतं. तिचंच वाटावं इतकं.

२

"मी? माझं काय डोकं फिरलंय?" तपासनीस म्हणाला. तिच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. माणूस थट्टेखोर, म्हणून तिने सरळ त्यालाच फोन लावला होता. "अगं, तुझ्या सासऱ्यांचा खोकला आम्हाला मीटिंगमध्ये फुकट ऐकायला मिळतो. तो पुन्हा फाइलीत कशाला घालू?"

"मग कोणी घातला?"

"हिस्टरी बघ की. कोणी, कधी बदल केला, सगळं असतं त्यात. मला काय विचारतेस?"

हिस्टरीत तिचंच नाव होतं. वेळ दिली होती ती मात्र तिला पक्की आठवत होती, कारण त्याच सुमाराला सासऱ्यांच्या हातून चहा सांडला होता आणि ती पलंगावर वाकून ओली चादर ओढत होती.

तिने स्वतःची समजूत घातली. ओळी आधीच लिहिल्या असतील, वैतागाच्या भरात, गंमत म्हणून. सेव्ह मागाहून झाल्या असतील. माणूस गाडी चालवत घरी येतो आणि रस्ता कुठला घेतला ते त्याला सांगता येत नाही, तसंच हे. दिवसरात्र कानांवर एकच गोष्ट आदळत असेल तर ती बोटांतून बाहेर पडणारच.

त्या ओळी ती पुसणारही होती. पण तेवढ्यात प्रात्यक्षिकाची वेळ झाली. मोठं गिऱ्हाईक होतं, पडद्यावर पाचसहा अनोळखी चेहरे, आणि साहेब सारखे घड्याळाकडे बघणारे. झाडणी तिच्या कॉम्प्युटरवर चालूच होती. फाइल सेव्ह झाली रे झाली की झाडणी ती आपसूक पुन्हा वाचायची. बंद करून परत सुरू करायला नको, ही सोय तिनेच केली होती. तिने बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीपलीकडे कपाट सरकायला लागलं.

"मॅडम, तो मागचा आवाज..." साहेब म्हणाले.

"सॉरी सर. एक मिनिट."

खोकला थांबेना. पडद्यावरच्या एका बाईने दुसऱ्याकडे बघून भुवई उडवली. सूनबाईला घाम फुटला. आणि मग, रडू येण्याऐवजी हसू यावं तशा अवस्थेत, तिने ती फाइल उघडली, 'होय' पुसून 'नाही' लिहिलं आणि सेव्ह केलं.

खोकला थांबला. ओसरत ओसरत नव्हे. मधोमध, कात्रीने दोरा तोडावा तसा.

"चला, सुरू करू या," साहेब म्हणाले.

३

प्रात्यक्षिक झकास झालं. गिऱ्हाइकाने मान डोलावली, साहेबांनी अंगठा दाखवला. ती कॅमेरा बंद करून मागच्या खोलीत धावली.

सासरे उशीला टेकून बसले होते. चेहरा ठीक होता. पण ते बघत होते ते असं, की हातात धरलेली वस्तू कोणीतरी काढून घेतली आहे आणि काय होतं ते आता आठवत नाही. छाती एकदा वर आली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं, आणि काहीच झालं नाही. तोंड तसंच मिटलं.

"बरं वाटतंय ना बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पाणी," म्हणाले.

तिने पाणी पाजलं. योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. खोकल्याची उबळ कधीतरी थांबतेच.

दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. ताई खुश झाल्या. "वहिनी, आजोबांचा खोकला पार पळाला की! औषध बदललंत का?"

"हो," सूनबाई म्हणाली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी बोटीवरून नवऱ्याचा फोन आला. पडद्यावर वडिलांना बघून त्याचा चेहरा उजळला. "बाबा केवढे शांत दिसतायत. कसं जमवलंस हे सगळं?"

"तुम्ही तिकडची काळजी घ्या. इथे मी आहे," ती म्हणाली.

ओळ पुसायचं तिने टाळलं. वापरात नसलेलं सेटिंग फाइलीत राहिलं तर कोणाचं काय बिघडतं?

४

मग आणखी दोन ओळी आल्या.

# मागच्या खोलीतली. थोड्या थोड्या वेळाने येते.
हाक = होय

या वेळी तिने तपासनिसाला फोन केला नाही. ती खुर्चीत मागे रेलून त्या ओळींकडे बघत बसली. मनात भीती होती, पण तिच्या जोडीला कामाची सवयही होती. एखादी गोष्ट खरंच होते आहे की नुसता भास आहे हे ठरवायची रीत तिला माहीत होती. एक बदल करायचा, काय होतं ते बघायचं. बदल उलटा करायचा, पुन्हा बघायचं. प्रत्येक वेळी तेच झालं, तर ते खरं.

सासऱ्यांनी हाक मारायला सुरुवात केली होती. दुपारी ताई गेल्या की ती सुरू व्हायची. उशी सरकली, माशी बसली, उन्हाची तिरीप तोंडावर आली, काहीही निमित्त पुरायचं. "सूनबाई." थोडं थांबून, "सूनबाई."

तिने 'नाही' लिहून सेव्ह केलं.

"सून..."

बस. पुढचा अर्धा शब्द आलाच नाही. ती कान देऊन बसली. रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, वरच्या मजल्यावर टेबल ओढल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे काही नाही.

तिने 'होय' लिहिलं.

"सूनबाई! सूनबाई!" या वेळी आवाजात घाबरगुंडी होती, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखी.

'नाही'.

"सूनबा..."

इथे थांबायला हवं होतं. झालं तेवढं पुरेसं होतं. पण तपासणी म्हणजे तपासणी. एकदा जमलं तर योगायोग म्हणता येतो. तिने पुन्हा 'होय' केलं, पुन्हा 'नाही'. आणि पुन्हा. दर वेळी शब्द वेगळ्या जागी तुटायचा. एकदा नुसता 'सू'. शेवटच्या 'होय'ला पलीकडून हाक आलीच नाही, आलं ते हुंदक्यासारखं काहीतरी, आणि मग कष्टाने, एकेक अक्षर जुळवत, "नको."

आत जावं, त्यांचा हात हातात घ्यावा, असं तिच्या मनात आलं. पण आत जाऊन काय सांगणार? तिने स्वतःला बजावलं की यापुढे या फाइलीला हात लावायचा नाही. कानाला खडा.

आणि शेवटचा हात लावून 'हाक' पुढे 'नाही' लिहून ठेवलं.

५

घरात इतकी शांतता सूनबाईने लग्नानंतर प्रथमच ऐकली. तिने कामाचा सपाटा लावला. ऑप्शनांची मदतपुस्तिका एका बैठकीत लिहून झाली, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. दुपारी ती चहा घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि तिच्या लक्षात यायचं की आपण गुणगुणतो आहोत.

सासऱ्यांचं ती सगळं करत होती. वेळेवर खाणं, वेळेवर औषध, कूस बदलणं. फक्त मध्येच कोणी बोलवत नव्हतं. तिच्या वेळा ती ठरवायची.

म्हाताऱ्याने मग वाटी धरली. पलंगाशेजारच्या स्टुलावर एक स्टीलची वाटी आणि चमचा असायचा. डाव्या हाताने तो चमचा वाटीवर आपटायला लागला. टण. टण. टण. खोकल्यापेक्षाही वाईट; खोकला निदान बिचारा आपल्या मर्जीने येतो.

ओळ आली तेव्हा तिने वरचं वाक्य वाचलंही नाही. 'वाटी' पुढे 'नाही' लिहिलं आणि कामाला लागली.

बऱ्याच वेळाने काही कारणाने ती मागच्या खोलीत गेली. सासऱ्यांच्या हातात चमचा होता. हात वाटीच्या वर उचललेला. तो खाली येत होता, जोरात, रागाने, आणि वाटीपासून बोटभर अंतरावर थबकत होता. पुन्हा वर जात होता. पुन्हा खाली. कोपरापासून सगळा हात थरथरत होता, कपाळावर घाम आला होता, आणि ओठ 'सूनबाई' असे हलत होते, बिनआवाजाचे. ती दारात उभी आहे हे त्यांना दिसलं. ते थांबले नाहीत. तिच्याकडे बघत बघत त्यांनी पुन्हा चमचा खाली आणला.

तिला ते बघवेना. म्हणून तिने पुढे होऊन वाटी आणि चमचा दोन्ही उचलले आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

६

"वहिनी, जरा इकडे या," ताईंनी एका सकाळी आतून हाक मारली. त्यांचा सूर ऐकून ती धावत आत गेली. "छातीला कान लावून बघा. घरघर ऐकू येतेय का? आणि अंग तापलंय. काल रात्री हाक नाही मारली यांनी?"

"नाही."

"कमाल आहे. एवढा त्रास होत असताना?" ताई म्हाताऱ्याच्या पाठीवर थोपटत होत्या. "खोका आजोबा. खोका बरं. जोर लावा."

आजोबांनी जोर लावला. डोळे बाहेर आले, मान ताठ झाली. नुसती हवासुद्धा बाहेर आली नाही.

डॉक्टर आले. त्यांनी नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं, आणि ते सूनबाईवर डाफरले. "खोकला कधीपासून बंद आहे?"

"बरेच दिवस झाले. आम्हाला वाटलं बरं वाटतंय."

"बरं वाटतंय? अहो, झोपून असलेल्या माणसाला खोकला हाच आधार असतो. कफ बाहेर काढणार कोण? सगळा आत साचलाय. बुडतायत ते, कोरड्या बिछान्यावर." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी खाली जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करतो, माझ्या मोबाइलला इथे रेंज मिळत नाहीये. ताई, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून कफ ओढायची नळी घेऊन या, मी लिहून देतो. आणि तुम्ही," ते सूनबाईला म्हणाले, "यांना कुशीवर धरून ठेवा. पाठीवर पडू देऊ नका. मी येईपर्यंत हात सोडायचा नाही."

"नाही सोडत," ती म्हणाली.

दोघं जिना उतरून गेली. तिने सासऱ्यांना कुशीवर वळवून धरलं. त्यांचं वजन तिच्या हातांवर आलं होतं, तापलेलं, ओलसर. आत बुडबुडे फुटत होते ते तिच्या तळव्यांना कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने तिची बाही पकडली होती.

आणि तिच्या मनात आलं: एक शब्द. पलीकडच्या खोलीत जाऊन एक शब्द बदलायचा, की यांना खोकला येईल. ॲम्ब्युलन्सपेक्षा लवकर. नळीपेक्षा लवकर.

"आलेच बाबा. एका मिनिटात आले."

बाही सोडवायला तिला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली.

७

खोकला = होय. सेव्ह.

भिंतीपलीकडे काही नाही.

हाक = होय. वाटी = होय. सेव्ह. तिने भिंतीला कान लावला. बुडबुडे.

मग तिने त्या ओळी समूळ पुसून टाकल्या, आणि पुसता पुसताच तिच्या अंगावर काटा आला. कारण ओळ पुसली म्हणजे गोष्ट बंद झाली असं नसतं, हे ती गिऱ्हाइकांना दर वेळी समजावून सांगायची. ओळ पुसली की प्रोग्रामच्या पोटात जे मूळचं ठरलेलं असेल ते लागू होतं. मूळचं काय होतं? तिने तर ते कुठेच लिहिलं नव्हतं. मग ते ठरवलं कोणी?

तिने ओळी घाईघाईने परत घातल्या. 'होय', 'होय', 'होय'. काही नाही.

असं का व्हावं, याचं उत्तर शोधायला तिने स्वतःच एक ऑप्शन करून ठेवला होता. त्याचं नाव 'कुठून'. सेटिंग बदलूनही बदलत नाही अशी तक्रार आली की तो चालवायचा. कोणतं सेटिंग कुठून आलं आहे ते झाडणी सांगायची. क्रम तिनेच ठरवला होता. सगळ्यांत खाली प्रोग्रामच्या पोटातलं. त्यावर फाइलीतलं. आणि सगळ्यांच्या वर आदेश, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्याने चालवताना आपल्या हाताने टाइप केलेलं. हाताने दिलेला आदेश असेल, तर फाइलीत काहीही लिहा, ते कोणी विचारत नाही.

तिने 'कुठून' चालवलं.

जुनं = 6, फाइल.
विचार = नाही, फाइल.
खोकला = नाही, आदेश.
हाक = नाही, आदेश.
वाटी = नाही, आदेश.
चालवणारी: सूनबाई.

तिने ते पुन्हा वाचलं. झाडणी चालवताना तिने असला कोणताही आदेश दिला नव्हता. आणि या कॉम्प्युटरला तिचं ते नाव माहीत नव्हतं. ऑफिसातही ते कोणाला माहीत नव्हतं. ते नाव फक्त भिंतीपलीकडच्या माणसाच्या तोंडात होतं.

तिने झाडणी बंद केली. पुन्हा 'कुठून'. उत्तर तेच. तिने बटण दाबून धरलं, वायर ओढून काढली. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली.

तेव्हा तिला तो दुसरा आवाज ऐकू आला. तो बहुधा आधीपासूनच येत होता. तिच्या स्वतःच्या आवाजाखाली झाकला गेला असेल. बोटांखाली दबणाऱ्या कळांचा आवाज. घाई नाही, चूक नाही, हातखंडा काम असलेल्या माणसाची एकसारखी टिकटिक. मागच्या खोलीतून.

८

दार अर्धवट उघडं होतं. खोलीत स्वच्छ, पांढरं, सकाळचं ऊन होतं; लपायला कुठे जागाच नव्हती.

पलंगाच्या पायथ्याशी ताईंची खुर्ची असायची. तिच्यात एक बाई बसली होती, दाराकडे पाठ करून. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. तरी सूनबाईने ती ओळखली. खांद्यावर विरलेला तो निळा कुर्ता तिच्या अंगावर होता, आणि या क्षणी तो सूनबाईच्याही अंगावर होता. केस त्याच काळ्या चापात, घाईने अडकवलेले. मांडीवर काय होतं ते दिसत नव्हतं. कोपरं तेवढी हलत होती.

म्हातारा पाठीवर पडला होता. चेहरा शिशासारखा राखाडी झाला होता. तो त्या खुर्चीतल्या बाईकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. घरात आपलं म्हणायला एकच माणूस उरलेलं असावं आणि ते समोर बसलेलं असावं, तसं तो बघत होता. डावा हात चादरीवरून तिच्याकडे सरकत होता. ओठ हलले. सूनबाई. पुन्हा हलले. सूनबाई.

बाईने मान वर केली नाही. टाइप करणं थांबवलंही नाही. हातातलं काम संपवून मग बघू, असा तिच्या खांद्यांचा ढंग होता. तो ढंग सूनबाईच्या पूर्ण ओळखीचा होता.

तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि जीव खाऊन ओरडली.

"थां..."

खुर्चीतल्या बाईचं एक बोट खाली आलं होतं. फक्त एक कळ. सूनबाईचं तोंड उघडं होतं, गळा ताणलेला होता, पोटातून जोर लागत होता. काहीही बाहेर येत नव्हतं.

बाई मग हळूच मान वळवू लागली. आधी कान दिसला. मग गाल.

९

नवरा आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मागच्या खोलीतला पलंग उघडा होता, गादी गच्चीवर नेऊन टाकली होती. तो पिशवी खांद्याला तशीच ठेवून बाहेरच्या खोलीत उभा राहिला. ताई त्याच्यासाठीच थांबल्या होत्या. सूनबाई मधल्या दारात उभी होती. तिला वाचा नव्हती. धक्का बसलाय, येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले असावेत. निदान तिला तसं वाटत होतं. डॉक्टर हे नक्की कोणाकडे बघून म्हणाले होते, ते मात्र तिला आठवत नव्हतं.

"सांगू की नको असं झालंय मला," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही मुलगा आहात त्यांचे. मी नळी घेऊन आले. दारात पोचले तर आजोबा पाठीवर पडलेले, हात पुढे केलेला. आणि वहिनी समोर खुर्चीत. मांडीवर काहीतरी घेऊन टाइप करत होत्या. मी आजोबांकडे धावले, वहिनींना हाका मारल्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. मान वर केली नाही हो त्यांनी. आजोबांचा हात खाली पडला तेव्हा थांबल्या."

त्यांनी पदराने डोळे पुसले, चपला घातल्या आणि निघून गेल्या. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली. त्याचा चेहरा समुद्रावरच्या उन्हाने रापला होता, आणि त्यावर आता काहीच नव्हतं. तो ओरडला असता, त्याने हात उगारला असता, तर तिला चाललं असतं.

"काय लिहीत होतीस?" त्याने विचारलं.

तिने जोरजोराने मान हलवली. हाताने मागच्या खोलीचा उंबरा दाखवला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, पुन्हा उंबऱ्याकडे. मी तिथे होते. मी दारात होते.

तो उंबऱ्याकडे बघत नव्हता. तिच्या बोटाकडेही नाही.

"दारात तर ताई होत्या म्हणे," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मग दुसरं कोणी दिसलं असतं ना त्यांना." आणि पुन्हा, तितक्याच हळू, "काय लिहीत होतीस तू?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून तो तिच्या खांद्यावरून मागे बघतो आहे.

"ऑफिसचं होतं," तिच्या मागून आवाज आला. थकलेला, घरगुती, नेहमीचा. तिचाच. "आजच द्यायचं होतं. मला वाटलं, झोपलेत."

नवऱ्याचे खांदे खाली आले. रागवायलाही ताकद लागते, आणि तो फार लांबून आला होता. तो चालत पुढे आला आणि दाराशी ठेवलेल्या स्टुलाला वळसा घालून जावं तसा, अंगाला अंग न लावता, तिच्या बाजूने निघून गेला.

"हातपाय धुऊन घ्या," मागचा आवाज म्हणाला. "चहा टाकते."

स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला.